संध्याकाळचा दीड तास आणि फुकटची व्याख्यानं

प्रश्न : मी जिल्हा बँकेतून निवृत्त झालो आहे. मुलीने मोठा टीव्ही घेऊन दिला, त्यावर यूट्यूब लागतं. बातम्या आणि मालिकांचा वीट आला म्हणून व्याख्यानं ऐकायला लागलो. पण एक संपलं की दुसरं आपोआप सुरू होतं, आणि रात्री बायकोने विचारलं, 'आज काय ऐकलंत?' तर धड सांगता येत नाही. इंग्रजी वाचायची अडचण नाही, पण भरभर बोललेलं निसटतं. बायकोला मराठी आणि हिंदीच कळतं. नववीतली नात सुट्टीत आमच्याकडे असते. फुकट बघता येतील आणि लक्षात राहतील अशी व्याख्यानं सुचवाल का? प्रमाणपत्र देणारे कोर्सही दिसतात, त्यांचे पैसे भरावेत का?
— एक वाचक, कराड

नमस्कार.

तुमच्या पत्रात वहिनींचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटला. 'आज काय ऐकलंत?' याचं उत्तर जेवताना चार वाक्यांत देता आलं, तर व्याख्यान चांगलं. मीही हीच कसोटी लावते. तिला उतरलेली मोजकीच व्याख्यानं सांगते. आठवड्याला दोन पुरेत.

आधी रिमोटवरची कामं उरका. यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये ऑटोप्ले नावाचं बटण असतं, ते बंद करा. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेला, जी न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली, लोक जातात, ऐकतात, चपला शोधतात आणि कोपऱ्यावर उभं राहून वक्त्याची उणीदुणी काढतात. निम्मं व्याख्यान त्या कोपऱ्यावरच डोक्यात बसतं. टीव्ही तेवढी उसंतच देत नाही, पाच सेकंदांत पुढचा माणूस बोलायला लागतो. म्हणून तो बंद करायचा आणि वहिनींना सांगायला बसायचं.

इंग्रजीचं म्हणाल तर, व्हिडिओच्या दातेरी चाकाच्या चिन्हात बोलण्याचा वेग असतो. तो ०.७५ वर आणा आणि खाली इंग्रजी अक्षरं लावा. वाचायची सवय आहे म्हणता, मग निम्मं काम झालंच. यंत्राने केलेलं मराठी भाषांतर मात्र लावू नका, त्यात भलतंच काहीतरी वाचायला मिळतं. टेड म्हणजे छोट्या भाषणांचा जागतिक मंच. त्याच्या संकेतस्थळावर काही भाषणांना मराठी उपशीर्षकं आहेत, ती स्वयंसेवकांनी हाताने केलेली असतात. भाषणाखालच्या भाषांच्या यादीत 'मराठी' दिसली तर वहिनींनाही शेजारी बसवा.

आता सुरुवात कुठून करायची? माझं उत्तर ठरलेलं आहे. रिचर्ड फाइनमन. नोबेल मिळालेला अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ. १९८३ मध्ये बीबीसीने त्याला त्याच्या घरी खुर्चीत बसवलं आणि बोलू दिलं. कार्यक्रमाचं नाव 'फन टू इमॅजिन'. समोर फळा नाही, हातात कागद नाही, माणूस नुसता हातवारे करत बोलतोय आणि स्वतःच खूश होतोय. रबर ताणलं की काय होतं, आरशात डावं-उजवं का बदलतं, असे त्याचे विषय. त्यातला आगगाडीचा तुकडा तुम्ही पाहाच. गाडी वळणावर रुळावरून घसरत का नाही? आपण म्हणतो, चाकाला आतून कड असते म्हणून. तो म्हणतो, ती कड नुसती खबरदारीसाठी. गंमत पुढे आहे. दोन्ही चाकं एकाच आसाला पक्की बसवलेली असतात, म्हणजे दोघांचे फेरे सारखेच होणार. पण वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. मग? चाक सपाट नसतं, निमुळतं असतं, कडेच्या बाजूला जाड आणि उलट बाजूला बारीक. गाडी वळणावर जरा बाहेर सरकली की बाहेरचं चाक त्याच्या जाड भागावर टेकतं, आतलं बारीक भागावर. तेवढ्याच फेऱ्यांत एक चाक जास्त पळतं, दुसरं कमी. झालं. हे ऐकल्यावर कराड स्टेशनात उभ्या गाडीची चाकं वाकून पाहिल्याशिवाय तुम्हाला राहवणार नाही.

त्याच कार्यक्रमात तो विचारतो, झाडाचं लाकूड येतं कुठून? आपलं उत्तर तयार असतं, मातीतून. तो सांगतो, मुख्यतः हवेतून. झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं, सूर्यप्रकाशाच्या बळावर त्यातला कार्बन वेगळा करून ठेवून घेतं आणि ऑक्सिजन बाहेर सोडतं. लाकूड पेटवलं की ते दोघे पुन्हा एकत्र येतात आणि तेव्हा लागलेला सूर्यप्रकाश उजेड आणि आच होऊन परत मिळतो. चुलीपुढे वर्षं काढलेल्या कुणालाही हे मराठीत सांगून बघा. हे सांगायला दोन मिनिटं लागतात आणि ऐकणारा गप्प होतो.

फाइनमन आवडला तर पुढे त्याची कॉर्नेल विद्यापीठातली १९६४ ची सात व्याख्यानं आहेत, कृष्णधवल, बीबीसीनेच चित्रित केलेली. ती लोकांना फुकट बघता यावीत म्हणून बिल गेट्स यांनी त्यांचे हक्क घेतले आणि २००९ मध्ये ती इंटरनेटवर आली. सातही बघायचा अट्टहास नको. पहिलं गुरुत्वाकर्षणाचं, ते जरूर बघा. सुरुवातीला ओळख करून देणारे गृहस्थ कौतुकाने सांगतात की हा बोंगो ड्रमही वाजवतो. तो उभा राहून म्हणतो, मला ड्रम वाजवायला बोलावतात तेव्हा मी भौतिकशास्त्रही करतो हे सांगायची गरज कुणाला वाटत नाही. मग सहावं बघा, पुंजभौतिकीचं, म्हणजे अणूएवढ्या सूक्ष्म जगाचं. ते थोडं डोक्यावरून जाईल, जाऊ द्या. एक सावधगिरी बाळगा. फाइनमनचा फोटो लावून यंत्राच्या आवाजात उपदेश करणाऱ्या चित्रफिती हल्ली ढिगाने आहेत. माणूस स्वतः हलताना, बोलताना दिसला पाहिजे. आणि मागे हुंदके देणारं व्हायोलिन वाजत असेल, तर ते कुणाचंही असो, बंद करा.

बँकेत जन्म गेला म्हणजे आकड्यांशी तुमचं जुनं नातं. मग हान्स रोसलिंग. स्वीडनचा डॉक्टर, जगाच्या आरोग्याचा प्राध्यापक, तरुणपणी काही काळ बेंगळुरूच्या वैद्यकीय महाविद्यालयातही शिकलेला. त्याचं २००६ चं टेड भाषण आकडेवारीवर आहे आणि तरीही लोक पोट धरून हसतात. त्याने आपल्या विद्यार्थ्यांना देशांच्या पाच जोड्या दिल्या आणि विचारलं, प्रत्येक जोडीत बालमृत्यू कुठे जास्त आहेत? सरासरी दोन उत्तरंही बरोबर आली नाहीत. चिंपांझीसमोर देशांची नावं लिहिलेली केळी ठेवली असती तर अडीच बरोबर आली असती, असं तो सांगतो. म्हणजे पोरांचं अज्ञान नव्हतं, डोक्यात घट्ट बसलेले गैरसमज होते. पुढे पडद्यावर देशांचे बुडबुडे १९६२ पासून वर्षागणिक सरकू लागतात आणि हा पठ्ठ्या घोड्यांच्या शर्यतीचं धावतं वर्णन करावं तसा त्यांच्यामागे ओरडत धावतो.

पण माझं लाडकं त्याचं दुसरं, २०१० चं, कपडे धुण्याच्या यंत्रावरचं. दहा मिनिटांच्या आतबाहेर. तो चार वर्षांचा असताना घरात पहिलं यंत्र आलं. आजी बघायला आली. तिने सात मुलांचे कपडे सरपणावर पाणी तापवून हाताने धुतले होते. बटण मीच दाबणार म्हणाली, दाबलं, आणि खुर्ची ओढून यंत्रापुढे बसली, धुणं संपेपर्यंत. रोसलिंग मग आपल्या पर्यावरणप्रेमी विद्यार्थ्यांची गोष्ट सांगतो. गाडी न वापरणारे किती, म्हटल्यावर काही हात वर येतात. जीन्स आणि चादरी हाताने धुणारे किती, म्हटल्यावर एकही नाही. शेवटी तो मंचावरच्या यंत्रात कपडे घालतो आणि त्यातून पुस्तकं बाहेर काढतो. आईने त्याला म्हटलं होतं, काम आता यंत्र करील, आपण वाचनालयात जाऊ. हे भाषण वहिनींबरोबर बघा. कुठे थांबवून दोन वाक्यं मराठीत सांगावी लागतील, पण बरंचसं डोळ्यांनीच कळतं. ज्यांनी विहिरीवर आणि नदीवर धुणं धुतलं आहे, त्यांना ते आपल्यापेक्षा जास्त कळेल.

घरात वादाला विषय हवा असेल तर मायकेल सँडेल. हार्वर्डचा प्राध्यापक, विषय न्याय. बारा भाग आहेत. पहिल्याच भागात १८८४ चा एक खरा खटला येतो. मिन्योनेट नावाची नौका दक्षिण अटलांटिकमध्ये बुडाली, चार जण होडीत वाचले. खायला शलगमचे दोन डबे आणि चौथ्या दिवशी सापडलेलं एक कासव. पुढे कितीतरी दिवस अन्न नाही, पाणी नाही. सतरा वर्षांचा खलाशी पोरगा समुद्राचं पाणी पिऊन आजारी पडला. विसाव्या दिवशी कप्तानाने त्याला मारलं आणि उरलेले तिघे त्याच्यावर जगले. इंग्लंडला परतल्यावर त्यांच्यातल्या दोघांवर खटला चालला. तुम्ही न्यायाधीश असतात तर काय केलं असतंत? सँडेल स्वतः उत्तर देत नाही, पोरांना बोलायला लावतो आणि एकाच्या बोलण्यातली गाठ दुसऱ्याकडून सोडवून घेतो. चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर चाललं असतं का? पोरगा हो म्हणाला असता तर? इथे व्हिडिओ थांबवा आणि नातीला विचारा. पहिले दोन-तीन भाग उत्तम आहेत, पुढे कांट हा जर्मन तत्त्वज्ञ येतो तिथे जरा चढण लागते.

अतुल गावंडे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. अमेरिकेत वाढलेला शल्यविशारद, वडिलांचं मूळ गाव विदर्भातलं उटी. त्याचं २०१७ चं टेड भाषण शिकवणाऱ्याची गरज कधी संपते यावर आहे. नावारूपाला आलेला हा सर्जन आपल्या निवृत्त प्राध्यापकांना शस्त्रक्रियेच्या खोलीत बोलावतो, म्हणतो, फक्त बघा. शस्त्रक्रिया झकास होते. प्राध्यापकांनी मात्र पानभर टिपणं केलेली. दिवा जखमेवरून सरकला होता, तू अर्धा तास नुसत्या परावर्तित उजेडात काम करत होतास, तुला कळलं का? तुझं कोपर मधूनमधून हवेत वर जातं, म्हणजे हातावर पूर्ण ताबा नाही. नवखा असताना असं ऐकून घ्यावंच लागतं, नाव झाल्यावर कोण ऐकून घेतो! त्याची २०१४ ची बीबीसी रीथ व्याख्यानंही फुकट आहेत. चार आहेत, शेवटचं दिल्लीत झालेलं. नुसता आवाज आहे, फिरायला जाताना कानात घालून ऐकता येतात.

आता मराठीकडे. वहिनींच्या संध्याकाळी यातून काढा.

डॉ. अभय बंग यांची मराठी व्याख्यानं यूट्यूबवर पुष्कळ आहेत. मुलाखतीपेक्षा त्यांचं सलग बोलणं निवडा. राणी आणि अभय बंग १९८६ पासून गडचिरोलीत काम करताहेत, हे आपल्याला ठाऊक असतं. तिथे दवाखाना कसा उभा राहिला, ही गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकण्यासारखी आहे. आदिवासी मोठ्या इस्पितळात यायला घाबरत होते. का, तर इमारत अवाढव्य आणि नातेवाइकांनी राहायचं कुठे? मग लोकांनाच विचारलं, तुम्हाला कसा दवाखाना हवा? तो गोंडांच्या गावासारखा, झोपड्यांचा झाला आणि त्याला देवीचं नाव मिळालं, माँ दंतेश्वरी. दुसरी गोष्ट श्वास मोजण्याच्या साधनाची. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे एका मिनिटातले श्वास मोजायचे, आणि दाईला तर मोठे आकडे येत नाहीत. मग मणी आणि मिनिटभराचं वाळूचं घड्याळ घेऊन साधन केलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत मणी खुणेपलीकडे गेले तर बाळाला औषध. बंग बोलताना आवाज चढवत नाहीत, विनोदही बेताचे. पण समस्या समोर ठेवतात, थांबतात, आणि तुम्हाला क्षणभर तिच्याशी झुंजू देतात. ही हातोटी फार थोड्यांकडे असते.

जयंत नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले. त्यांची मराठी भाषणं मागे आहेत, ती जपून ऐकावीत अशी. बोलणं अगदी सपाट, शिक्षकी, आणि त्यातच त्यांची मिश्किली. फलज्योतिषाच्या चाचणीबद्दल ते बोललेत ते शोधा. हुशार मुलांच्या शंभर आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या शंभर पत्रिका जमवल्या, त्या मिसळून प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पाठवल्या आणि विचारलं, यातली कुठली कुणाची? निकाल नाणेफेकीहून बरा लागला नाही. घरात कुणाचं लग्न जमवायचं चालू असेल तर हे व्याख्यान आवाज वाढवून लावावं.

भाषेसाठी ऐकायचं असेल तर प्राचार्य शिवाजीराव भोसले. तुमच्या साताऱ्यातलेच, फलटणच्या मुधोजी महाविद्यालयाचे. जुन्या ध्वनिफिती आहेत, मधेच खरखर येते. हातात चिठोरं न घेता तास-तास चालणारी ती वाक्यं आता ऐकायला मिळत नाहीत. काहींना ती फार अलंकारिक वाटतात. मलाही कधीकधी वाटतात. पण वहिनींना आवडतील, असं पैजेवर सांगते.

नातीसाठी अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले हे गृहस्थ पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं कचऱ्यातून खेळणी करत बसले. टाकाऊतून खेळण्यांवरचं त्यांचं एक भाषण टेडवर आहे आणि त्यांच्या संकेतस्थळावर खेळण्यांच्या छोट्या फिती मराठीतही आहेत. त्यातलं एक सांगते. घरात जुनी प्लास्टिकची स्ट्रॉ पडली असेल तर ती घ्या. एक टोक चपटं करा, दोन्ही बाजूंनी तिरकं कापून टोकदार करा आणि तोंडात धरून फुंका. पिपाणी वाजते. वाजतच असताना दुसऱ्या टोकाने कात्रीने कापत जा, सूर चढत जातो. सुरुवातीला नुसती हवा येईल. टोक आणखी चपटं करा.

नात मोठी आहे, तिला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनची नाताळ व्याख्यानंही दाखवा. खास मुलांसाठीची ही परंपरा १८२५ पासूनची, शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे तिथेच मेणबत्ती या विषयावर बोलला. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनची १९७७ ची, ग्रहांवरची सहा व्याख्यानं संस्थेच्या संकेतस्थळावर आहेत. संगणकाची आवड असेल तर हार्वर्डच्या सीएस फिफ्टी या संगणकाच्या अभ्यासक्रमाचा पहिला तास. शिकवणारा डेव्हिड मॅलन टेलिफोनची जाडजूड डिरेक्टरी हातात घेतो. नाव शोधायचं तर पान पान उलटायचं का? तो मधोमध उघडतो, नाव कुठल्या अर्ध्यात असेल ते बघतो आणि दुसरा अर्धा फाडून फेकून देतो. मग उरलेल्याचा अर्धा. हजार पानं दहा फाडींत संपतात. नातीला डिरेक्टरी म्हणजे काय हे मात्र तुम्हालाच सांगावं लागेल.

एक व्याख्यान खास तुमच्यासाठी, कारण निवृत्त माणसाला आज ना उद्या कुठल्या तरी मंडळात बोलायला उभं करतातच. अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक पॅट्रिक विन्स्टन यांचं 'हाऊ टू स्पीक', २०१८ चं. विनोदाने सुरुवात करू नका, लोक अजून तुमच्या आवाजालाच सरावलेले नसतात. फळ्यावर लिहा, कारण लिहिण्याचा वेग आणि समजण्याचा वेग सारखा असतो. आणि शेवटी नुसतं 'धन्यवाद' म्हणून उतरू नका. आपल्याकडच्या आभारप्रदर्शनाला हा माणूस काय म्हणाला असता कोण जाणे.

रँडी पॉश याचं 'लास्ट लेक्चर' तुम्हाला कुणीतरी पाठवेलच. कॅन्सरने आयुष्याचे महिनेच उरलेले असताना, सप्टेंबर २००७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात त्याने ते दिलं, मंचावर जोर काढून दाखवले. खरोखर चांगलं आहे. पण घरात आजारपण चालू असेल तेव्हा बघू नका.

राहिला पैशांचा प्रश्न. ही सगळी व्याख्यानं फुकट आहेत. पुढेमागे एखादा विषय मुळापासून शिकावासा वाटला तर आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेचं एनपीटेल आहे, एमआयटीचं ओपन कोर्सवेअर आहे, अमेरिकेतल्याच येल विद्यापीठाचे खुले अभ्यासक्रम आहेत. येलचा शेली केगन टेबलावर मांडी घालून बसतो आणि मृत्यू या विषयावर सव्वीस व्याख्यानं देतो, तेही रडवेलं न होता. तिथेही ऐकायला पैसे लागत नाहीत. एनपीटेलवर शुल्क आहे ते परीक्षेचं आणि प्रमाणपत्राचं. तुम्हाला आता बढती घ्यायची नाही, म्हणून प्रमाणपत्र विकत घेऊ नका. नातीला पुढे कॉलेजात त्याचे गुण धरणार असतील, तर तेव्हा तिच्यासाठी भरा.